माझं नाव त्या यादीतून काढा: मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
कार्यकारिणीतले सगळे काका आणि काकू,
आपलं मराठी मंडळ, स्लाऊ (इंग्लंड)

दि. १२ ऑक्टोबर २०२५

सा. न. वि. वि.

पत्राची सुरुवात अशी करायची हे मला नाशिकच्या शाळेत पाचवीत शिकवलं होतं. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढं पाठ झालं. कागदावरून साष्टांग कसा घालतात ते बाईंनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण माझ्याकडे खरंच एक विनंती आहे आणि ती खरंच विशेष आहे, म्हणून तोच मायना.

परवा ग्रुपवर मेसेज आला. २५ तारखेच्या दिवाळी कार्यक्रमात ‘गुणवंत विद्यार्थी सत्कार’ ठेवलाय. जीसीएसईला (इथल्या दहावीला) सात किंवा जास्त नाइन (सगळ्यात वरची ग्रेड) मिळवणारी सहा मुलं, पडद्यावर प्रत्येकाचा फोटो, खाली ग्रेड, मग शाल, नारळ आणि ट्रॉफी. पासपोर्ट साइज फोटो बुधवारपर्यंत पाठवा. यादीत माझं नाव चौथं आहे. माझे नाइन मोजून सातच आहेत, म्हणजे मी उंबरठ्यावरून आत आलेय.

तर विनंती अशी, की माझं नाव काढा. आणि जमलं तर तो सत्काराचा कार्यक्रमच काढून टाका.

नाव यादीत आहे म्हणूनच लिहितेय. नसतं तर तुम्ही म्हणाला असतात, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मी नाशिकची आहे, द्राक्षं आंबट कधी असतात आणि गोड कधी होतात हे मला बऱ्यापैकी कळतं.

आधी थोडी माझी माहिती, कारण आमच्या घरी गणपतीला येणारे सोडले तर बाकीचे मला ‘अमक्याची मुलगी’ एवढंच ओळखतात. आम्ही ऑगस्ट २०२० मध्ये आलो. नाशिकला पाचवी झाली होती, सहावी मोबाइलवर सुरू होऊन दोन महिने झाले होते. इथे उतरल्यावर चौदा दिवस घरात बंद, आणि मग एकदम इयर सेव्हन. इलेव्हन प्लसची परीक्षा तोवर होऊन गेलेली, त्यामुळे ग्रामर स्कूल (ती परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) हा शब्द मला पहिल्यांदा मंडळातच कळला. एका काकूंनी विचारलं, ‘ग्रामर का?’ मला वाटलं, व्याकरणाबद्दल विचारतायत. मी म्हणाले, ‘हो, बरं आहे माझं.’ त्या खूश झाल्या आणि मी पुढची दोन वर्षं त्यांच्या हिशेबात ग्रामर स्कूलमध्ये होते.

आता मी सिक्स्थ फॉर्ममध्ये आहे, म्हणजे इयर ट्वेल्व्हला. हे नाशिकला आजीला समजावताना माझी जी दमछाक झाली ती जीसीएसईच्या दहा विषयांत मिळून झाली नव्हती. ‘सिक्स्थ’ ऐकून ती म्हणाली, ‘अगं, सहावीतून तर गेलीस, पाच वर्षांनी परत सहावीत बसवलं?’ मग मी ‘ट्वेल्व्ह’ म्हणाले, तर तिने शेजारी सांगून टाकलं की नात यंदा बारावीला, बोर्डाचं वर्ष, देवाला नारळ बोलले. खरं तर ही तिकडची अकरावी. आणि नाइन म्हटल्यावर ती हळूच म्हणाली, ‘नववा नंबर? वर्गात मुलं किती होती?’ नऊ ही इथली सगळ्यात वरची ग्रेड आहे आणि एक ही सगळ्यात खालची, हे तिला अजून पटलेलं नाही. एक नंबर खाली कसा असेल?

मला विचाराल तर आजीचा प्रश्न सगळ्यांत बरोबर होता. नाइन ही ठरावीक गुणांना मिळत नाही. त्या वर्षी, त्या विषयात, बाकीच्यांनी किती मिळवले तेही बघून ती रेघ ओढली जाते. देशभर मिळून साधारण वीस निकालांमागे एक नाइन पडतो. म्हणजे ‘वर्गात मुलं किती होती?’ हाच त्याचा अर्थ.

आता ३० ऑगस्टची संध्याकाळ आठवा. जीसीएसईचा निकाल लागला २१ ऑगस्टला, गणपती बसले २७ ला, आणि मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम त्या शनिवारी, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. आरती झाली. मी प्रसादाचं ताट घेऊन फिरत होते. सोळा जणांनी (मी नंतर घरी बसून मोजले) मोदक उचलता उचलता विचारलं, ‘किती नाइन?’ कोणी ‘कशी आहेस’ म्हणालं नाही. एका काकांनी तर मोदक परत ठेवून दुसरा घेतला, पण प्रश्न तोच. मी ‘सात’ म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘आणि बाकीचे?’ दोन एट आणि आर्टला सेव्हन. ‘हां, आर्ट काय!’ म्हणजे ते माफ.

त्याच हॉलच्या कोपऱ्यात एक मुलगा वायर गुंडाळत होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. पण हे पत्र त्याला दाखवूनच टाकतेय आणि दोन ठिकाणी त्याने खाडाखोडही केलीय. तुम्ही सगळे त्याला ओळखता. दोन वर्षं आपल्या कार्यक्रमाचा साउंड तोच बघतो. ढोल पथकात टिपरू कसं धरायचं ते लहान मुलांना त्यानेच शिकवलं. गणपतीच्या दिवशी माइकमधून शिट्टी येत होती, तेव्हा अध्यक्ष काकांचं भाषण सुरू असताना तो स्टेजखाली सरपटत जाऊन कनेक्शन बदलून आला. काकांना कळलंही नाही.

तो जळगाव जिल्ह्यातून इयर टेनला इथे आला. आई नर्स. घरी अहिराणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि चौथ्या नंबरला इंग्रजी. जीसीएसईला दोनच वर्षं मिळाली. गणितात नाइन. इंग्रजी लँग्वेजला थ्री.

थ्री म्हणजे इथे काय, हे ग्रामरवाल्या घरांना माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. फोरला पास धरतात. इंग्रजी किंवा गणितात फोर नसेल तर पुढची दोन वर्षं तुम्ही काहीही शिका, तो विषय सोबत चालू ठेवावाच लागतो आणि बहुतेकांना परीक्षाही परत द्यावी लागते. कॉलेजला मिळणारे सरकारी पैसेसुद्धा त्या अटीला बांधलेले आहेत. आणि इंग्लंडमध्ये अठरापर्यंत शिक्षण किंवा ट्रेनिंग सोडता येत नाही, म्हणजे नाद सोडून नुसतं कामाला लागायची सोयही नाही. या वर्षी (२०२५) सोळाच्या पुढच्या ज्यांनी इंग्रजीचा पेपर पुन्हा दिला, त्यांतले पाचांत एकच फोरपर्यंत पोचले. गणितात त्याहून कमी. ही माझ्या मित्राची एकट्याची गोष्ट नाही, दर वर्षी हजारो मुलांची आहे. फक्त आपल्या हॉलमध्ये ती मुलं दिसत नाहीत. ती वायरी गुंडाळत असतात.

मी ज्या सिक्स्थ फॉर्मला आहे तिथे त्याला प्रवेश मिळाला नाही. गणिताला नाइन असूनही. तो आता दोन बस बदलून कॉलेजला इंजिनिअरिंगचा कोर्स करायला जातो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा इंग्रजीचा पेपर आहे. तुमचा सत्कार २५ ऑक्टोबरला. म्हणजे त्याच्या परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी तो साउंड डेस्कमागे उभा राहून आम्हा सहा जणांच्या नावांच्या वेळी तुतारीचं म्युझिक वाजवणार. तशी सूचना ग्रुपवर आलीसुद्धा आहे, ‘प्रत्येक नावाला तुतारी’.

३० ऑगस्टला त्याच्या आईला एका काकूंनी विचारलं, ‘आणि तुझ्याचं काय?’ त्या म्हणाल्या, ‘झाला पास.’ महाप्रसादाला ते थांबले नाहीत. पुरीभाजीचे दोन डबे मी नंतर नेऊन दिले.

काकूंनी वाईट हेतूने विचारलं नाही हे मला माहीत आहे. त्या मला तापात पेज आणून देणाऱ्या काकू आहेत. आपल्याकडे विचारतातच. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा दहावीला किती पडले ते विचारते. पण नाशिकला निदान विचारून ती बाई पुढच्या स्टॉपला उतरून जाते. इथे आपण तीस-चाळीस घरं. तेच हॉल, तेच चेहरे, आणि सगळ्यांच्या मुलांचे सगळ्या परीक्षांचे आकडे सगळ्यांच्या डोक्यात.

आता गुणवंतांपैकी चौथ्या नंबरच्या माझ्याबद्दल.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे दहाचे तीन विषय होतात. मी गणित, रसायनशास्त्र आणि इतिहास घेतले. गळ्यात लॅनयार्ड, अंगावर युनिफॉर्मऐवजी ‘ऑफिसला शोभेल असे कपडे’, त्यामुळे रोज सकाळी मी बँकेत खातं उघडायला निघाल्यासारखी दिसते. आठवड्यात तास जेमतेम पंधरा-सोळा. मध्ये मोकळे तास. पहिल्या आठवड्यात त्या मोकळ्या तासांचा मला इतका आनंद झाला की मी कॉमन रूममध्ये बसून लोकांचे मायक्रोवेव्हवरचे वाद ऐकत राहिले. एकच मायक्रोवेव्ह, दीडशे मुलं. माझे पोहे गरम व्हायला लागले की मोहरीचा वास सगळीकडे, आणि कोणीतरी विचारणार, ‘हे काय आहे, मला मिळेल?’ इयर सेव्हनला याच वासाला नाकं मुरडली जायची. पाच वर्षांत वास तोच राहिला, मुलं मोठी झाली. (खरं तर या गावात कोणी कोणाच्या वासाबद्दल बोलूच नये. वारा फिरला की मार्सच्या कारखान्यातून चॉकलेटचा वास येतो आणि सकाळी सातला तो काही सहन होत नाही.)

मग तिसऱ्या आठवड्यात रसायनशास्त्राची पहिली टेस्ट झाली. पन्नासपैकी एकोणीस. ग्रेड डी.

ए लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या परीक्षेला, आकडे जाऊन परत अक्षरं येतात, ए स्टारपासून ईपर्यंत. म्हणजे मी तळापासून दुसऱ्या पायरीवर. रसायनशास्त्रातला माझा नाइन सहा आठवड्यांचाही झाला नव्हता. घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले. आई बाहेरून म्हणाली, ‘पाणी मीटरवर आहे गं.’

नंतर शांतपणे विचार केला. जीसीएसईला मी काय केलं होतं? जुने पेपर आणले, मार्क स्कीम आणल्या, कुठल्या प्रश्नाला कुठला शब्द लिहिला की गुण पडतो ते पाठ केलं. ‘कोलिजन’ लिहायचं, ‘फ्रिक्वेंट’ लिहायचं, झाले दोन गुण. रसायनशास्त्रातला मोल म्हणजे काय ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. पेपरात माझं न कळणं पकडलं गेलं नाही, इतकंच. ए लेव्हलच्या पहिल्याच धड्यात ते पकडलं गेलं. त्याच टेस्टमध्ये ज्या मुलीला ए मिळाला तिला जीसीएसईला सिक्स होता. तुमच्या यादीत ती आली नसती.

मी कमी अभ्यास केला असं म्हणत नाही. खूप केला. चार महिने केला. त्या नाइनचा मला आनंदही झाला, आणि बाबांनी ऑफिसमध्ये पेढे वाटले तेव्हा मी ‘नको ना बाबा’ म्हणताना आतून खूश होते. पण शाल घेऊन स्टेजवर उभं राहायचं आणि खिशात डी, हे मला जमणार नाही. कोणी तरी हुशार दिसायला लागलं की ते न कळलेलं विचारत नाही, हे मी स्वतःच्या बाबतीत बघितलंय. त्या वर्गात पहिले तीन आठवडे मी हात वर केला नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं की हिला नाइन आहे.

माझा मावसभाऊ नाशिकला यंदा दहावी झाला. ९४ टक्के. सोसायटीने सत्कार केला, क्लासने केला, आणि चौकात त्याचा फोटो असलेला फ्लेक्स लागला, वर तीन पुढाऱ्यांचे त्याच्यापेक्षा मोठे फोटो. मेमध्ये निकाल लागला. यंदा सगळ्या राज्याची अकरावी ऑनलाइन झाल्यामुळे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला, पण त्याचं त्यावर काही अडलं नाही, कारण तो कॉलेजला जातच नाही. नाव एका कॉलेजात, दिवसभर क्लासमध्ये, त्याला इंटिग्रेटेड म्हणतात. तिथे दर रविवारी टेस्ट आणि टेस्टप्रमाणे बॅच. तो वरच्या बॅचमधून दोन बॅच खाली आला. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, ‘तो फ्लेक्स अजून आहे. पावसाने रंग गेलाय, पण तोंड ओळखू येतं. मी मागच्या गल्लीने जातो.’

काका, काकू, आपल्या पडद्यावरच्या स्लाइडा म्हणजे तोच फ्लेक्स. फक्त पावसाने खराब होत नाहीत. फेसबुकवर कायमच्या राहतात.

मला कल्पना आहे, तुम्ही हे का करता. तुम्ही सगळे परीक्षा देऊन इथवर आलात. एक-एक गुणावर तुमचं कॉलेज ठरलं, कॉलेजवर नोकरी, नोकरीवर व्हिसा. बाबा आजही त्यांचा बारावीचा पीसीएमचा आकडा दशांशासकट सांगतात. आणि इथे आल्यावरही मोजणं थांबलं नाहीच. आमच्या घरी एक एक्सेल शीट आहे. आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज २०२५ च्या दराने माणशी ३,०२९ पौंड, चार माणसं, १२,११६ पौंड. तो परवाना नसेल तर विद्यापीठ मला बाहेरची धरणार आणि २०२५ ची वर्षाला ९,५३५ पौंडांची फी कितीतरी पटींनी वाढणार, इथल्या शाळेत सात वर्षं काढली असली तरी. मेमध्ये सरकारने या परवान्यासाठीची पाच वर्षांची अट दहा करायचा विचार जाहीर केला त्या रात्री आमच्याकडे कोणी नीट जेवलं नाही, तुमच्याकडेही नसेल. ऑगस्टमध्ये अर्ज भरलाय, उत्तर यायचंय. एवढ्या अनिश्चितीत पोरांचा ‘नऊ’ हा एक आकडा हातात घट्ट धरावासा वाटतो, हे मला कळतं. खरंच कळतं.

पण मग सरळ तसं म्हणा ना. स्टेजवर सहा मुलांना शाली घालण्यापेक्षा एखाद्या काकांनी सांगावं की पहिला व्हिसा नाकारला गेला होता तेव्हा काय केलं, किंवा इंजिनिअरिंगला केटी लागली ती कशी सोडवली. केटी लागलेले किमान चार जण कार्यकारिणीत आहेत. बाबांनी नावं सांगितलीयत. मी लिहीत नाही.

शनिवारी मी एका दुकानात गल्ल्यावर काम करते. माझ्या वयाला २०२५ च्या दराने तासाला ७ पौंड ५५ पेन्स. सप्टेंबरमध्ये एका काकू रांगेत आल्या, मला बघून त्यांचा चेहरा पडला. बिल केलं, पिशवी दिली. रात्री आईला फोन. ‘सगळं ठीक आहे ना घरी? काही लागलं तर सांगा हं.’ आईला आधी हसू आलं, मग राग. मला वाटतं, सात नाइन मिळवलेल्या मुलीने गल्ल्यावर बसणं हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्या दुकानात मी जे शिकले ते असं, की रागावलेल्या गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोललं की तोही आवाज उतरवतो, आणि सलग सहा तास उभं राहिलं की आजीच्या टाचा का दुखतात ते कळतं. यासाठी इथे कोणी ग्रेड देत नाही, आणि नको पण.

मराठीलाही देत नाहीत. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींनी पंजाबी, उर्दू, गुजराती, बंगालीत जीसीएसई दिली, घरी बोलता बोलता एक ग्रेड पदरात पडली. मराठीची तशी परीक्षा नाही. म्हणजे मी रविवारच्या आपल्या वर्गात पाच वर्षांच्या पोरांकडून ‘बाळ’ मधला ‘ळ’ काढून घेते (चौदा मुलांपैकी आतापर्यंत नऊ, हा माझा आवडता नऊ), किंवा माझा मित्र त्याच्या मजल्यावरच्या आजोबांना हॉस्पिटलचं पत्र मराठीत समजावून सांगतो, हे कुठल्याच कागदावर येत नाही. यावर मंडळाने मोहीम काढली तर मी पहिली सही करेन.

इतिहासाबद्दल एक गोष्ट सांगायचीय. मग संपवते. मी इतिहास घेतला तेव्हा तीन काकांनी वेगवेगळ्या दिवशी एकच वाक्य बोललं, ‘त्याचा पुढे उपयोग काय?’ गंमत म्हणजे आमच्या इतिहासाच्या सरांनी माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात तेच लिहिलं होतं, ‘मग काय?’ प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी. तू एवढं लिहिलंस, मग काय? त्यातून काय सिद्ध होतं? असला चिवट प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याही विषयाने विचारला नाही.

आम्हाला स्वतःचा विषय घेऊन पाच हजार शब्दांचा प्रकल्प करता येतो. मी कॉर्नेलिया सोराबजी घेतलीय. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीच्या परीक्षेत अव्वल आली. अव्वल येणाऱ्याला इंग्लंडला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिला मिळाली नाही, कारण ती बाई होती. म्हणजे गुणवंतांच्या यादीत पहिली असून यादी करणाऱ्यांनी तिला गाळलं. मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला आली. कायद्याची परीक्षा दिली १८९२ मध्ये. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं.

यातला ‘वर्गणी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. वर्गणी आपल्याला येते. आपल्याइतकी ती कोणाला येत नाही.

सहा ट्रॉफ्या, सहा शाली, सहा नारळ (इथे नारळ केवढ्याला आहे!) यांचा जो काही खर्च काढला असेल, त्यात मराठी वर्गाच्या मागची छोटी खोली रविवारी दोन तास जास्त मिळते. मी केअरटेकरला विचारून आलेय. आपल्या मंडळात यंदा माझ्या माहितीत चार मुलं आहेत ज्यांना इंग्रजी किंवा गणिताचा पेपर परत द्यायचाय. चौघंही आता कार्यक्रमांना येत नाहीत किंवा येऊन मागे उभी राहतात. आपल्यात दोन काकू आहेत ज्यांनी महाराष्ट्रात दहा-दहा वर्षं इंग्रजी शिकवलंय आणि इथे आल्यावर कोणी त्यांना कधी काही विचारलं नाही. पोह्यांना किती लागतील एवढं सोडून.

माझ्या मित्राने सरावासाठी लिहिलेलं एक वर्णन मी वाचलं. उन्हाळ्यात केळीच्या बागेला पाणी सोडल्यावर मातीचा वास कसा येतो आणि घड कापताना चीक हातावर पडला की डाग कसा जात नाही, त्यावर. मला तसं लिहिता येणार नाही, सात नाइन असून. पण तिथे चाळीसपैकी सोळा गुण स्पेलिंग, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेला असतात आणि ते त्याचे जातात. त्याला शाल नकोय. सेमीकोलन कुठे द्यायचा ते न हसता सांगणारं कोणी तरी हवंय. हे वाक्य त्याने वाचलं आणि म्हणाला, राहू दे.

पेपरला आता तीन रविवार उरलेत. आजचा धरून चार होते, पण आजचा मी हे पत्र लिहिण्यात घालवला.

सत्कार रद्द केला तर कार्यक्रमात वीस मिनिटं रिकामी राहतील, असं सूत्रसंचालन करणाऱ्या काकू म्हणतील. ती ढोलाला द्या. पथकाला मागच्या वर्षी चारच मिनिटं मिळाली होती, आणि तुतारीचं म्युझिक असंही आहेच.

२५ तारखेला मी दोन वाजता खुर्च्या लावायला येते. आईच्या चकल्या या वर्षी दुप्पट आहेत, गेल्या वर्षी साडेसहालाच संपल्या होत्या. फोटो मी पाठवणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
यादीतली चौथी

ता. क. रसायनशास्त्राची टेस्ट गुरुवारी परत आहे. किती मिळाले ते विचारलंत तरी चालेल. पण नंतर मोल म्हणजे काय तेही विचारा, आता मला सांगता येतं.